चार नंबरच्या मेंढीने काय खाल्लं?

इंदूरच्या भंवरकुआं चौकात बसने असा काही ब्रेक मारला, की संहिताच्या मांडीवरची कापडी पिशवी घरंगळत थेट पुढच्या सीटखाली गेली. तिच्या मागोमाग शेजारच्या तरुणाचीही पिशवी गेली. दोघं एकदमच वाकले आणि दोघांची डोकी टणकन आपटली.

"सॉरी! लागलं?"

"नाही... तुम्हाला?"

तो कपाळ चोळत हसला. छान हसला. पण बघायला सवड कुठे होती? तिचा स्टॉप आला होता. हाताला आली ती पिशवी उचलून ती उतरली.

लॅबमध्ये पोचून तिने पिशवीतून थर्मास काढला. झाकणावर तिने लावलेली टेप नव्हती! घाईघाईने झाकण फिरवलं, तर आल्याचा घमघमीत वास आला.

चहा!

संहिता इंदूरजवळच्या महूला मेंढ्यांच्या आहारावर एमव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकीतली पदव्युत्तर पदवी, करत होती; नमुने तपासायला मात्र इंदूरच्या या लॅबमध्ये यावं लागायचं. सकाळी कुडकुडत्या थंडीत तिने मेंढीच्या पोटातलं पाणी नळीने काढून थर्मासमध्ये भरलं होतं. ते गरम राहायला हवं आणि त्याला हवा लागता कामा नये, नाहीतर त्यातले जिवाणू मरतात. आणि तो थर्मास आता त्या हसऱ्या माणसाकडे होता. चहा समजून त्याने उघडला तर...?

तेवढ्यात फोन वाजला.

"हॅलो, तुमचा थर्मास माझ्याकडे आलाय. टेपवर हा नंबर आहे. 'उघडू नये' असंही लिहिलंय..."

"उघडलात तुम्ही?" ती जवळजवळ किंचाळलीच.

"नाही हो! मी एकदम सीधा माणूस आहे. पण आत आहे काय? बॉम्ब वगैरे नाही ना?"

"मेंढीच्या पोटातलं पाणी आहे."

पलीकडून हळूच आवाज आला, "बरं झालं लिहिलं होतंत. मी आता कपच घेत होतो."

तो लॅबवर आला तेव्हा थर्मास त्याने जॅकेटच्या आत, छातीशी धरला होता. "म्हटलं, गरम ठेवायचं असेल... मतलब, थर्मासमध्ये आहे म्हणजे असेलच ना?" तो जरा संकोचून म्हणाला.

संहिताला इतकं हायसं वाटलं, की आभार मानायचंही सुचेना. "तुमचा चहा... मी झाकण उघडलं. पण प्यायले नाही."

"मग पिऊन टाका. आई मस्त करते. आणि तुमचा चेहरा बघता आज तुम्हालाच गरज आहे."

त्याचं नाव निशांत. राहायचा महूलाच, आणि इंदूरच्या पलासिया भागातल्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे डोळे तपासायचा. मग काय, बसमधली ती दोन माणसांची सीट हळूहळू त्यांचीच झाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, तेही कळलं नाही. दर रविवारी तो मेंढ्या बघायला येऊ लागला. निदान म्हणायचा तरी तसं.

"ह्यांना नुसतं वाळलेलं गवत आणि त्यांना वर सोयाबीनची पेंड? ये तो नाइन्साफी है यार!"

"अरे, तोच तर प्रयोग आहे. वाळलेल्या गवतात प्रोटीन नावालाच असतं. मेंढीच्या पोटातले जिवाणू गवत पचवतात. प्रोटीन नसलं की ते मरगळतात, गवत पोटात तसंच पडून राहतं आणि मेंढी खातही कमी. थोडी पेंड मिळाली की तेच जिवाणू जोमाने कामाला लागतात आणि मेंढी गवतही जास्त खाते. किती पेंड पुरते, ते बघायचंय मला."

"म्हणजे ही चार नंबर पोट भरलेलं असून उपाशीच?" त्याने मेंढीचं कपाळ खाजवलं. "किती बोलके डोळे आहेत..."

"मेंढीचे?"

"हो... मेंढीचेच." पण बघत होता तो संहिताकडे.

तिने लाजून वजनकाटा आणायचं निमित्त काढलं आणि ती आत पळाली. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, तिने नेहमीसारखे नमुने काढले.

त्याच आठवड्यात शालिनी मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. त्या तिच्या गाईड. कधी आवाज चढवायच्या नाहीत, म्हणूनच त्यांची भीती वाटायची.

"चार नंबर नुसत्या गवतावर आहे ना? मग तिच्या पोटात प्रोटीनपासून होणारा अमोनिया एवढा कसा? रक्तातला युरियाही वाढलाय. संहिता, हिने पेंड खाल्लीय. कोणीतरी घातल्याशिवाय हे होत नाही. असं असेल तर तुझ्या कुठल्याच आकड्यावर भरवसा कसा ठेवायचा?"

कोणीतरी... दोन वर्षांची मेहनत संहिताच्या डोळ्यांपुढे गरगरली. आणि आठवला तो कपाळ खाजवणारा हात.

संध्याकाळी बसस्टॉपवर तिने विचारलंच. "रविवारी तू चार नंबरला पेंड दिलीस?"

"नाही."

"खरं सांग. तुला तिची दया आली होती. मी आत गेले होते आणि तू एकटाच होतास..."

निशांतने तिच्याकडे पाहिलं. पिशवी खांद्याला अडकवली. "नाही म्हटलं ना. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या."

तुम्हाला! एवढासा शब्द, पण तिला तो सपकन लागला. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो नव्हता. तिसऱ्या दिवशीही नव्हता.

दुपारी मेंढ्यांना चारा घातला की ती नेहमी लिहायला निघून जायची. त्या दिवशी मात्र पाय निघेना. गवताच्या गंजीला टेकून ती नुसतीच बसून राहिली. शेडमध्ये दाढांची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. एवढ्यात—

चार नंबरने मान वळवून इकडेतिकडे पाहिलं. मग कपाळाने शेजारच्या कप्प्याची फळी अलगद ढकलली. खिळा कधीच निघाला होता. फळी बाजूला सरकली, चार नंबरचं डोकं पाच नंबरच्या गव्हाणीत शिरलं आणि पेंडीचा यथेच्छ समाचार सुरू झाला. पोटभर खाऊन तिने डोकं मागे घेतलं. फळी खट्‌कन जागेवर आली. आणि बाईसाहेब डोळे अर्धे मिटून रवंथ करू लागल्या.

"अगं चोरटे!" संहिता हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं.

शालिनी मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आणि त्या चक्क हसल्या. "फळी नीट ठोकून घे. चार आणि पाचचं मोजमाप परत घेऊ, बाकीच्यांचं काही बिघडलेलं नाही. आणि पाहिलंस का? पेंड चोरल्यापासून ती गवतही जास्त खातेय. तुझं म्हणणं तिने स्वतःच सिद्ध करून दाखवलं!"

छातीवरचा एक दगड उतरला. दुसरा मात्र पलासियाला होता.

क्लिनिकमध्ये नंबर लावून ती बसली. नाव पुकारलं तशी आत गेली. निशांत तिला बघून दचकला, पण लगेच सावरला. "बसा. काय त्रास आहे?"

"समोरचं नीट दिसत नाही."

त्याने तिच्या डोळ्यांवर तपासणीचा जड चष्मा चढवला, एक काच बसवली आणि समोरच्या अक्षरांकडे बोट केलं. तिने भराभर वरच्या ओळी वाचल्या.

"सगळ्यात खालची?"

"माझं चुकलं."

"तसं लिहिलेलं नाहीये तिथे."

"मला तसंच दिसतंय, निशांत..." मग तिने सगळं सांगितलं: फळी, खिळा, पाच नंबरची गव्हाण. ऐकता ऐकता त्याचे ओठ थरथरू लागले आणि अखेर तो खदखदून हसला.

मग तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. "एक सांगू? त्या रविवारी मी मूठभर पेंड घेतली होती हातात. गव्हाणीपर्यंत नेलीही. मग वाटलं, तुझी एवढी मेहनत... आणि परत ठेवून दिली. तू विचारलंस, तेव्हा म्हणूनच फार लागलं. मी किती जवळ गेलो होतो, ते फक्त मलाच माहीत होतं."

"आणि मी विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं." तिने मान खाली घातली. "तू बसमध्ये नव्हतास ना, तेव्हा प्रयोगाचं काय होणार हे मनातच येईना. फक्त तू... तू परत यावास, एवढंच. मला तू फार आवडतोस."

तो पुढे झुकला. तिच्या चष्म्यातली काच काढून त्याने हळूच दुसरी बसवली.

"आता नीट सांग. मघाचं बरं दिसत होतं... की हे?"

काचेपलीकडे तो अगदी जवळ होता, आणि हसत होता.

"हे," ती म्हणाली. "हे एकदम छान दिसतंय."

त्याने तिचा हात हातात घेतला. "मग मलाही तू... म्हणजे कधीपासून सांगायचं होतं—"

दारावर टकटक झाली. बाहेरून एक वैतागलेला आवाज आला, "ओ भिया, आज हमारा नंबर आएगा कि नहीं?"

"दो मिनट, अंकलजी!" निशांत तिचा हात न सोडता ओरडला. "बहुत सीरियस केस है!"