आनंदमेळ्यातली मारबत

बालवाडीचे पत्रे गळत होते, म्हणून आमच्या वॉर्डाच्या मंडळानं आनंदमेळा भरवायचं ठरवलं. ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. मी शाळेतून निवृत्त झाले होते आणि संध्याकाळी त्याच बालवाडीत वॉर्डातल्या मुलांना फुकट शिकवत असे. गडचांदूरच्या त्या भागात सगळ्यावर सिमेंट कारखान्याची पांढरी धूळ बसते. फळा पुसला तरी पांढरा, न पुसला तरी पांढरा. मुलं त्यावर बोटानं चित्रं काढत.

बैठक प्रफुलच्या फोटो स्टुडिओत झाली. प्रफुल मंडळाचा अध्यक्ष होता, हौशी आणि धडपड्या. रिंग फेकणं, डब्यांची उतरंड पाडणं, बंदुकीनं फुगे फोडणं, हौजी, भज्यांचा गाडा, एवढं ठरलं. मग तो म्हणाला, "हे तं सगळीकडंच रायते. आपण मारबत ठेवू. तिकीट काढा, चेंडू मारा अन् आपली पिडा सांगा. शेवटी शिवेवर नेऊन जाळू. लोक तुटून पडतीन."

मारबत आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघते. बाईचा पुतळा करायचा, 'रोगराई घेऊन जा गे मारबत' असं ओरडत तो शिवेबाहेर न्यायचा आणि तिथंच जाळायचा. आता फेब्रुवारी चालू होता.

गफ्फारभाऊ शिंपी माझ्या शेजारीच बसले होते. ते हळूच म्हणाले, "मारबत घरात ठेवत नाई, भाऊ. ज्या दिवशी बांधली त्याच दिवशी जाते ते."

"घ्या! आमी भेत नाई अन् मुसलमान भेऊन राह्यला," प्रफुल म्हणाला. सगळे हसले. गफ्फारभाऊही हसले आणि पुतळ्याचे कपडे शिवून द्यायला कबूल झाले. मीही हसले. मी सुलताना, चाळीस वर्षं मुलांना कारण आणि परिणाम शिकवणारी बाई. मला त्यात घाबरण्यासारखं काही दिसलं नाही.

पुतळा मेळ्याच्या आठ दिवस आधीच तयार झाला. बांबूचा सांगाडा, आत तणस म्हणजे भाताचा पेंढा, वर जुन्या लुगड्यांचे तुकडे. तोंड मडक्याचं, त्याला काळा रंग आणि डोळ्यांच्या जागी कवड्या. कुलूप लागणारी खोली बालवाडीचीच, म्हणून तो तिथं आला. प्रफुलला प्रत्येक खेळाची चाचणी हवी होती. त्या दुपारी चिंध्यांचे चेंडू आणले गेले.

पहिला चेंडू लटारूनं मारला. तो गिट्टीच्या क्रशरवर कामाला होता आणि कित्येक वर्षं खोकत होता. "माहा खोकला घेऊन जा गे मारबत!" एवढं ओरडतानाही त्याला दोनदा ढास लागली. प्रफुलनं आपली दाढदुखी सांगितली. बायका लाजत, एकमेकींना ढकलत पुढं आल्या.

उर्वशी माझा हात धरून उभी होती. नऊ वर्षांची. तिचे आईबाप मिरची तोडायला आंध्रात गेले होते आणि तिला काकूकडं ठेवलं होतं. मार्चमध्ये तिची निवासी शाळेची परीक्षा होती. ती पास झाली असती तर तिथंच राहून बारावीपर्यंत शिकली असती. तिच्याइतकं 'काऊन?', म्हणजे 'का?', विचारणारं मूल मी पाहिलं नव्हतं. धडा पुढं जायचा नाही, पण दुसरी मुलं तिच्यामुळं जागी राहायची.

"बाई, हे सगळ्यांची पिडा घेते, मंग हिची कोण घेते? अन् जाळल्यावर पिडा जळते का उडते? काऊन जाळतात?"

तिची काकू सोमारी कडेवर तान्हं घेऊन मागं उभी होती. "पाहा कशी बोलते! दिवसभर काऊन, काऊन. भांडे घास म्हटलं तं काऊन, पोराले घे म्हटलं तं काऊन. परीक्षा पाहिजे म्हणे इले!" तिनं मोकळ्या हातानं चेंडू उचलला. "इचं काऊन घेऊन जा गे मारबत!"

चेंडू बरोबर कपाळावर बसला. सगळे खदखदून हसले. सगळ्यात जास्त उर्वशी हसली.

दुसऱ्या दिवशी लटारू रस्त्यात भेटला आणि बराच वेळ बोलला. तो गेल्यावर लक्षात आलं की तो एकदाही खोकला नाही. हवा बदलली असेल, असं मी मनाशी म्हटलं.

त्या संध्याकाळी मी मुलांकडून पाढे म्हणून घेत होते. पुतळा कोपऱ्यात गोणपाटाखाली होता. तिथून खोकला आला. कोरडा, आतून खरवडून काढलेला. मुलं थांबली. मी गोणपाट उचललं, आत हात घातला. आतली तणस कोमट होती. उंदीर असेल, असं मी मुलांना सांगितलं. मुलांनी उर्वशीकडं पाहिलं, कारण अशा वेळी तीच काहीतरी विचारायची. ती पाटीवर तेराचा पाढा लिहीत होती.

मी तिला मुद्दाम अवघड गणित घातलं. तिनं बरोबर सोडवलं. "असं का केलंस?" मी विचारलं. "तुमी सांगितलं म्हणून," ती म्हणाली. परीक्षेच्या अर्जावर सही आणायला सांगितली, तर म्हणाली, "काकू नाई म्हणते. नाई तं नाई." तिच्या आवाजात दुःख नव्हतं. तिथं काहीच नव्हतं.

मुलं गेल्यावर मी एकटीच खिडक्या लावत होते. गोणपाटाखाली पुन्हा खोकला उठला, बराच चालला, आणि दोन ढासांच्या मधे एक बारीक आवाज आला.

"काऊन?"

मी ताबडतोब स्टुडिओत गेले. तिथं प्रफुल, लटारू, गफ्फारभाऊ आणि सोमारी पताका कापत बसले होते. मी म्हटलं, "पुतळा जाळू नका. सोडवून टाका, बांबू वेगळा, तणस वेगळी. आत त्या पोरीचा आवाज आहे."

कुणीतरी हसेल, म्हातारी चळली म्हणेल, असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. कुणी 'कोणता आवाज' असंही विचारलं नाही. कात्र्या थांबल्या, तेवढंच.

लटारू खाली पाहत म्हणाला, "सोडवली तं सगळ्यांचंच वापस येईन, बाई. माही बायको आत्ता कुठी रातभर झोपून राह्यली."

"पोट्टी सुदरली," सोमारी म्हणाली. "सांगितलं ते करते. तुमाले काय तरास हाय?"

"तिची परीक्षा आहे, सोमारी."

"पोट्टी परीक्षा देईन अन् मंग जाईन. अन् ह्या लेकराले कोण पाहीन? तुमी?"

प्रफुल गालावरून हात फिरवत होता, जिथं दाढ दुखायची तिथं. "बाई, दहन हाच मुख्य कार्यक्रम हाय. अख्ख्या गावात सांगून झालं." मग नरमाईनं म्हणाला, "पत्रे तं तुमच्याच पोरायसाठी टाकून राह्यलो ना जी?"

मी गफ्फारभाऊंकडं पाहिलं. ते सुईत दोरा ओवत होते. त्यांचे हात कालपर्यंत थरथरायचे. आता ते अगदी स्थिर होते.

सकाळी बालवाडीला दुसरं कुलूप होतं. मी उर्वशीला घेऊन मागच्या खिडकीशी गेले. तिनं ऐकलं तर काही परत येईल, अशी माझी वेडी आशा. गजांना तोंड लावून मी हाक मारली. "उर्वशी!"

आतून लगेच उत्तर आलं. "बाई, इथी अंधार काऊन हाय?"

मी शेजारच्या मुलीकडं पाहिलं. तिनं ते ऐकलं होतं. तिनं खिडकीकडं एकदा पाहिलं, जसं भिंतीकडं पाहावं तसं.

"चला बाई," ती म्हणाली. "भांडे राह्यले."

मी गज हलवून पाहिले, दारावर दगड घातला. मंडळाच्या दोघा पोरांनी मला धरून घरी आणून सोडलं. वाटेत ते माझ्याशी फार आदरानं वागले.

मेळ्याला लोटली तशी गर्दी मी गडचांदुरात कधी पाहिली नव्हती. रिंगच्या दुकानात कुणी नव्हतं. फुगे तसेच लटकत होते. रांग एकच होती, मारबतीची, आणि तिच्यात कुणी ओरडत नव्हतं. चेंडू मारण्याआधी प्रत्येक जण वाकून तिच्या कानाशी काहीतरी सांगत होता. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या आया रांगेत होत्या. मुलं त्यांच्या बोटाला धरून, हातात बुढ्ढी के बाल घेऊन, आनंदात.

मी एकेकीला अडवलं. "आपल्या लेकराचं काही बोलू नका."

"नाई बाई," त्या म्हणायच्या आणि पुढं सरकायच्या.

दिवस मावळताना मारबतीला खदानीकडच्या शिवेवर नेलं. तिला उचलायला चार माणसं नेमली होती. आठ लागली.

प्रफुलनं टेंभा लावला.

आधी खोकला ऐकू आला. मग कण्हणं, मग कुणाचं तरी हसणं. मग मुलांचे आवाज, एकात एक मिसळलेले, वर्ग सुटताना येतात तसे.

"घेऊन जा गे मारबत!" लोक ओरडले. आवाज वाढले तसे लोक आणखी जोरात ओरडले.

एक आवाज मला वेगळा कळत होता. तो ओरडत नव्हता. तो विचारत होता.

मी पुढं धावले. गफ्फारभाऊंनी माझे दोन्ही दंड धरले. त्यांची पकड घट्ट होती.

उर्वशी माझ्या समोरच होती. तान्हं झोपलं होतं आणि ती त्याला थोपटत होती. जाळाच्या उजेडात तिचा चेहरा शांत, गोड दिसत होता.

मडकं फुटलं. मग सगळं शांत झालं.

पावसाळ्याआधी बालवाडीवर नवे पत्रे पडले. मुलं येत राहिली, वेळेवर, केस विंचरून, ओळीत. आयांनी मला साडी दिली. तुमच्यामुळं पोरांना वळण लागलं, म्हणाल्या.

नव्या पत्र्यांखालच्या पहिल्याच दिवशी मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, सात अधिक पाच बरोबर तेरा. मग मागं वळून बराच वेळ थांबले.

सगळ्यांनी ते पाटीवर नीट उतरवून घेतलं.