बजरबट्टूचं झाड

"अरे, गलोल खाली कर! झाडावर लाल फुली कुणी मारली ती बघ आधी!"

तेजस्विनीच्या ओरडण्यानं प्रबुद्धचा नेम चुकला आणि हिरवं फळ भिंतीवर आपटलं. जुन्नरच्या जुन्या सरकारी बंगल्याच्या बागेतलं ते सर्वांत उंच झाड. लोक त्याला ताड म्हणत. गेल्या वर्षी त्याच्या शेंड्यावर भलामोठा पिवळसर फुलोरा आला, तेव्हा सगळं गाव मोबाइल घेऊन लोटलं होतं. आता पानं सुकून लोंबत होती आणि तिकडं कुणी फिरकत नव्हतं.

"वठलंय ते," बागेचे नवे साहेब घाईघाईनं म्हणाले. "उद्या सकाळी करवतवाला येतोय. तुम्ही इथं दिसता कामा नये!"

ते झाड तेजस्विनीच्या आजोबांनी लावलेलं होतं. ती धाकट्या भावाला, प्रबुद्धला, आणि शेजारच्या जिनेशला घेऊन धावतच घरी आली.

मुलांनी सगळं सांगताच भिमाजी आजोबा खाटेवर उठून बसले.

"ल्हानपणी माझ्या गळ्यात बजरबट्टूचा मणी व्हता, नजर लागू नये म्हणून," ते म्हणाले. "छप्पन साली आमी बौद्ध झालो, तवा आईनं तो दोरा कापला. होणाऱ्या बाळासाठी आणलेलं एक बी घरात तसंच व्हतं, भोक न पाडलेलं. ते तिनं माझ्या हातावर ठिवलं. म्हनाली, 'हे आता गळ्यात बांधायचं न्हाई, जमिनीत घालायचं.' वडील त्या बागेत माळी व्हते. त्यांनी जागा दिली."

"मग ते वठलं कसं?"

"ही जात जन्मात एकदाच फुलती, पोरी. फळं पिकवती आन जाती. पर फळं पिकाया तर पायजेत! आत्ता पाडलं की संपलं समदं."

"बजरबट्टू?" जिनेश उडालाच. "आमच्या छोट्या रिद्धीच्या गळ्यात तोच तर आहे! आईनं बांधलाय." त्याचे डोळे चमकले. "सोपंय मग! करवतवाल्याला सांगू, हे नजरेचं झाड आहे, तोडणाऱ्याचं वाटोळं होतं. पळत सुटेल!"

"लई भारी!" प्रबुद्धनं टाळी दिली.

तेजस्विनीनं आजोबांकडे पाहिलं. त्यांची मान खाली गेली होती.

"नको," ती म्हणाली. "पणजीनं जी भीती सोडली, तीच दाखवून तिचं झाड वाचवायचं?"

"मग काय, साहेबाचे पाय धरायचे?" जिनेशनं विचारलं.

"न्हाई!" तेजस्विनी ओरडली. "प्रबुद्ध, तुझा दारूगोळा आण!"

प्रबुद्धचा दारूगोळा म्हणजे गलोलीसाठी त्या झाडाखाली वेचलेली फळं. खाटेखाली डबेच्या डबे भरले होते. थंडीत वेचलेली वाटाण्याएवढी, होळीच्या सुमाराची बोराएवढी आणि कालची चांगली लहान लिंबाएवढी! तिघं एकमेकांकडे बघतच राहिले.

सकाळी करवतवाल्या दादाभाऊनं मशीन सुरू केलं, तोच तेजस्विनी बुंध्याला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो!" साहेब कडाडले.

"साहेब, मेलेल्या झाडाचं फळ वाढतं का?"

प्रबुद्धनं डबे बंगल्याच्या ओट्यावर ओळीनं उपडे केले. जिनेशनं कडेवरच्या रिद्धीला खाली ठेवलं आणि कालचं फळ दगडानं फोडलं. आत पांढरा, ओला गर होता. मग त्यानं बहिणीच्या गळ्यातला टणक मणी त्याशेजारी धरला.

"पिकल्यावर असा होणार. आत्ता कच्चा आहे!"

दादाभाऊनं मशीन बंद केलं. "पोटुशा झाडाला मी करवत लावनार न्हाई, राव."

साहेबांनी पहिल्यांदाच मान मागे टाकून शेंड्याकडे पाहिलं. फळांचे घोसच्या घोस लटकत होते. "मी नुसती सुकलेली पानं बघितली," ते हळूच म्हणाले. "शाबास, पोरांनो! दोर बांधून कुंपण करा रे इथं. फळं पिकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

घरी आजोबांनी तेजस्विनीचा हात हातात घेतला. "तुझी पणजी असती ना, तर करवतीपुढं उभी ऱ्हायलीस म्हणून आधी रागावली असती. मग साऱ्या आळीला सांगत फिरली असती, ही माझी पणती म्हणून!"

पुढच्या थंडीत लेण्याद्रीकडून गार वारं सुटलं आणि पिकली फळं टपटप गळू लागली. झाड पुरतं वाळलं होतं. दादाभाऊनं ते हळूहळू उतरवलं, तेव्हा सगळी आळी बागेत जमली होती. साहेबसुद्धा उघड्या डोक्यानं उभे होते.

शेजारीच खड्डा तयार होता. सगळ्यांनी बी आजोबांपुढे धरलं, पण त्यांनी ते रिद्धीच्या चिमुकल्या मुठीत दिलं.

"हिला घालू द्या. फुलोरा हिला दिसंल."

"आन मला, आजोबा?" प्रबुद्धनं विचारलं.

"तुला काठी टेकत यावं लागंल!"

सगळे हसले. तेजस्विनीला मात्र हसता येईना, तिचे डोळे भरून आले होते. रिद्धीनं बी मातीत दाबलं आणि तेजस्विनीनं त्यावर तांब्याभर पाणी ओतलं.