नाकतोड्यांचं गवत

"आज ठसे कुणाचे ते कळल्याशिवाय उठायचं नाही," सॉल्वेगने दम भरला. मग ती, तिचा धाकटा भाऊ टोर्स्टन आणि सुट्टीला आलेला मावसभाऊ वेड असे तिघं उजाडताच खडीच्या रस्त्याकडेला पालथे पडले. रोज सकाळी धुळीत नखाएवढे ठसे दिसत. पाणथळीच्या गवतातून निघायचे आणि तिथेच परत जायचे.

यंदा साउथ डकोटात पावसाने तोंडच दाखवलं नव्हतं. गहू घोट्याएवढा होऊन करपला होता. पाणथळही आटली होती, पण तळाला ओल होती, म्हणून हिरवं उरलं होतं ते तेवढंच. गवतावर दव, कोवळं ऊन आणि नाकतोड्यांची संथ किरकिर. टोर्स्टनचा तर पुन्हा डोळा लागत होता.

तेवढ्यात गवत हललं. फेझंट या रानकोंबडीसारख्या पक्ष्याची मातकट मादी मान काढून बाहेर आली आणि तिच्यामागून पिल्लं, दवाने पार चिंब झालेली! ती रस्त्यावर ऊन खात बसली. एकाने नाकतोडा धरला, पण तो काही त्याच्या चोचीत मावेना. मुलं श्वास रोखून बघत राहिली. किती वेळ गेला ते त्यांनाही कळलं नाही.

पिल्लं परतल्यावर मुलंही हळूच आत शिरली. एका खळग्यात अंड्यांची रिकामी टरफलं पडली होती. गव्हात किडा-मुंगी उरली नव्हती, म्हणून मादी पिल्लांना घेऊन इथेच राहिली होती.

आणि आज नाश्ता झाला की आर्लन काका हेच गवत कापणार होता. गुरांना चारा नव्हता, त्याचाही नाइलाज होता. मुलांनी सांगितलं तर तो हसला. म्हणाला, गवतातून कुत्रा फिरवलाय मी, एक पाखरू उडालं नाही. पण उडायला पिल्लांचे पंख आधी वाढायला तर हवेत!

तो सगळ्यांसारखाच कडेने सुरुवात करून गोल गोल आत कापत जाणार होता. वेडचा चेहराच उतरला. मागच्या वर्षी त्याच्या गावी पाखरं यंत्रापुढे आत आत सरकत गेली होती, आणि शेवटी यंत्र मध्यावर पोचलं होतं. पुढचं त्याला सांगवेना.

काकाला सरळ ओळींचा भारी अभिमान. सॉल्वेगने ते बरोबर हेरलं. धिरड्यावर मध ओतत ती म्हणाली, "काका, वेड म्हणतो, मधून बाहेर कापत आलं तर ओळ सरळ येतच नाही. मी म्हटलं, आमच्या काकाला येते."

"कुण्णालाच येत नाही," वेड पुटपुटला.

"असं का? चल, बघच तू," म्हणून काका ताडकन उठला.

मध्यापासून ओळी बाहेर सरकत आल्या, अगदी दोरी लावल्यासारख्या. त्यांच्यापुढे पाखरं कडेकडे पळत होती. रस्त्यालगतचा शेवटचा पट्टा उरला आणि काकाने ट्रॅक्टर एकदम थांबवला. पट्ट्यात सगळीकडे पिल्लंच पिल्लं होती, नाकतोड्यांमागे धडपडणारी.

तो पलीकडच्या वाळक्या शेताकडे बघत म्हणाला, "चांगलंच गुंडाळलंत की मला! शाबास रे पोरांनो."

"पट्ट्याचं काय करणार?" टोर्स्टनने भीत भीत विचारलं.

काकाने ट्रॅक्टर घराकडे वळवला. "राहू दे तो. गुरांना चारा मी कुठूनतरी आणीन. या पिल्लांना नाकतोडे कोण आणून देणार?"