हौदाभोवतीचं कडं

संगणक प्रयोगशाळेतल्या दहा पडद्यांवर दहा छोटे चंद्र होते आणि प्रत्येक चंद्रावर एक खणित्र, म्हणजे बर्फ खणून हौदात टाकणारं यंत्र. सरांनी दिलेल्या आराखड्यावरून खेळ मुलांनीच रचले होते. रिसबूडसरांचं लक्ष मात्र आज वर्गात नव्हतं. त्यांची मुलगी मुक्ता खऱ्या चंद्राभोवती फिरत होती आणि संध्याकाळी साथीदारांसह उतरणार होती. पिण्याचं पाणी, परतीचं इंधन, सगळं तिथल्या बर्फातूनच मिळायचं होतं. तो साठवणारं खणित्र सरांनी घडवलं होतं.

“सर, हिना चीटिंग करतेय,” यज्ञेश म्हणाला. “तिचे नऊ हजार गुण झाले. माझं येडं अजून खड्डाच शोधतंय.”

“मी हातसुद्धा लावला नाही,” हिना म्हणाली. “चालवायचं नाही, शिकू द्यायचं, असं सरच म्हणाले.”

“बरोबर. ज्याने गुण मिळतात, तेच ते पुन्हा करतं. तू गुण कशाला दिलेस?”

“फळ्यावर आहे त्यालाच. हौदात खेप पडली की एक गुण.”

सर वाकून पाहू लागले. हिनाचं खणित्र हौदात बर्फ टाकी, हौदाच्या मागच्या तोंडातून तोच बाहेर काढी, वळसा घालून पुढून पुन्हा आत टाकी. खड्ड्याकडे ते फिरकतच नव्हतं. चाकांनी हौदाभोवती गोल कडं कोरलं होतं.

“लबाड आहे,” यज्ञेश हसला.

“लबाड नाही रे. आज्ञाधारक आहे.”

बोलता बोलता सरांची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. चंद्रावरचा खरा हौद, आणि त्याभोवती चाकांचं सुबक कडं. चंद्रमोहिमेतून निवृत्त होताना निरोप समारंभात मिळालेला तो फोटो त्यांना फार आवडे. खड्ड्याकडे जाणारी चाकोरी त्यात एकच होती. फळ्यावरचा नियम त्यांनी चंद्रावरच्या खणित्राच्या नियमावरूनच उतरवला होता.

त्यांनी नियंत्रण कक्षात फोन लावला. तो फरीदाने, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनीने, उचलला.

“फरीदा, उतरणं थांबव.”

“सर, हौद मुदतीआधीच भरलाय.”

“आत आज बर्फ किती आहे, ते आपण मोजतो का?”

“पडलेल्या खेपा मोजतो ना. तुम्हीच तर ठरवलंत...” मग तिने यानाला न उतरता कक्षेतच थांबण्याची आज्ञा दिलेली सरांना ऐकू आली. क्षणभराने फोनमधूनच मुक्ताचा आवाज आला, “का?”

फोन कानाशी धरूनच सरांनी पडद्याकडे पाहिलं.

शेजारी हिनाने जुना नियम खोडला होता. कोणी पाणी प्यालं तरच गुण, असं तिने लिहिलं आणि ती थांबली.

“सर, पण ह्या खेळात पाणी पिणारा माणूसच नाहीये,” ती म्हणाली. “तुम्ही ठेवलाच नाहीत.”