सोडलेल्या जागा

रोह्याहून पेणला जायला रविवारी सकाळी सव्वा तास लागतो. वडखळला ट्रेलरची रांग लागली तर दीड. गेल्या वर्षी जानेवारीपासून एप्रिलपर्यंत मी हा रस्ता दर रविवारी स्कूटरवरून, पाठीला गिटार अडकवून केला. मी धाटावच्या एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. नमुने तपासायचे आणि जे मोजलं तेवढंच लिहायचं, हे माझं काम. इथेही तेवढंच लिहितो आहे.

गिटार मी कॉलेजपासून वाजवायचो, पण चार गाण्यांच्या कॉर्डपलीकडे कधी गेलो नव्हतो. एकोणचाळिसाव्या वर्षी जॅझ ऐकायला लागलो आणि ऐकून भागेना. सूर आधी लिहून ठेवलेले नसताना एखादा माणूस इतकं नेमकं कसं वाजवतो, हे मला समजून घ्यायचं होतं. रोह्यात हे शिकवणारं कुणी असणं शक्य नव्हतं. पेणला एक गृहस्थ आहेत, हे हेमांगीला, म्हणजे माझ्या बायकोला, तिच्या शाळेतल्या एका बाईंकडून कळलं.

दामोदर लिमये. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये गिटार वाजवायचे. तेव्हा पेणला आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. खालचा मजला गणपतीच्या कारखान्याला दिलेला. जिन्यापर्यंत जायचं तर अजून रंग न चढलेल्या मूर्तींच्या रांगांमधून, अंग चोरून जावं लागे. ओल्या मातीचा आणि रंगाचा वास वरच्या खोलीपर्यंत यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझं वाजवणं पाच मिनिटं ऐकलं आणि हात वर केला.

"तू घाबरतोस," ते म्हणाले. "शांतता पडली की तुला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. म्हणून भरत सुटतोस. बोलणारा माणूस मध्ये श्वास घेतो की नाही? समोरच्याचं ऐकतो की नाही?"

"पण काका, समोर कुणीच नाही."

"आहे असं समजून वाजव."

त्यांनी गृहपाठ दिला. एकच साधी बारा बारची चाल. बार म्हणजे चार मात्रांचा तुकडा. ती पुन्हा पुन्हा फिरवायची, कानात ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक ठेवायची आणि वर जे सुचेल ते दहा-अकरा मिनिटं वाजवायचं. फोनवर रेकॉर्ड करायचं आणि रविवारी आणायचं. त्यांची स्वतःची बोटं संधिवाताने आखडली होती. ते फार तर दोन कॉर्ड वाजवून दाखवायचे आणि गिटार खाली ठेवायचे.

आम्ही रोह्याला लागूनच असलेल्या अष्टमी गावात राहतो. संध्याकाळी शिफ्टवरून आलो की मी बाल्कनीच्या खोलीत बसायचो. गिटार नवी होती; डिसेंबरमध्ये मुंबईहून आणलेली, खोका मीच फोडलेला. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी स्वतःच पहिला संशय गिटारवर घेतला होता.

पहिले तीन आठवडे माझं जुनंच चाललं. चौथ्या आठवड्यात, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, मला जागा सोडता यायला लागल्या. मी ठरवलं नव्हतं. चार बार मी नुसता बसून राहायचो, मग चार बार वाजवायचो, मग पुन्हा थांबायचो. थांबल्यावर अवघडल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. जे सुचायचं ते त्या थांबण्यातूनच सुचायचं. मला वाटलं, यालाच शिकणं म्हणत असतील. मला इतका आनंद झाला, की त्या रविवारी वडखळच्या रांगेतही मी हेल्मेटमध्ये गुणगुणत होतो.

काकांनी रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"हे असं थांबायला तुला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच म्हणालात ना, जागा सोड."

"चार-चार बार सोड असं नव्हतो म्हणालो."

त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं, आणि यावेळी खिडकीकडे तोंड करून ऐकलं.

त्याच महिन्यात एकदा हेमांगी वह्या तपासता तपासता दारात येऊन उभी राहिली. तिला गिटारमध्ये फारसा रस नाही. पण ती म्हणाली, "एक विचारू? कुणी फोनवर बोलत असलं की आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येतं ना, 'हो', 'मग?', 'अगं पण', तसं वाटतंय तुझं वाजवणं. तू कुणाला उत्तरं देतोयस?"

मी हसलो. मग रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, आणि मलाही तसंच वाटलं. माझा एकही तुकडा सुरुवात केल्यासारखा नव्हता. प्रत्येक तुकडा आधीच्या कशाला तरी जोडून होता, आणि ते आधीचं तिथे नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या रविवारी शिकवणी संपवून मी खाली आलो. कारखान्यात विमलबाई एकट्या बसल्या होत्या. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी त्या करतात. चाळीसएक वर्षं हेच काम. खाडीकडच्या गावातून रोज एसटीने येतात. त्यांनी ब्रश मूर्तीपासून दूर धरला आणि मला हाक मारली.

"मास्तर, बाईंच्या जागा बरोबर धरता तुमी."

"कोणत्या बाई?"

"श्यामलाबाई. काकांच्या मालकीण. त्या वाजवायच्या तवा मी हितंच व्हते, नवी व्हते कामाला. थोडं वाजवायच्या, मंग गप. थोडं वाजवायच्या, मंग गप. मला वाटायचं, बाई थकतात." त्यांनी ब्रश वाटीच्या कडेला पुसला. "त्या गप बसायच्या ना, तितलं तुमी वाजवता."

"तुम्हाला कसं आठवतं इतकं?"

"डोळा आखताना हात हलून चालत नाय. त्या गप बसायच्या तवाच मी रेघ मारायची. हल्ली तितं तुमचं वाजतं, मंग रेघ कवा मारू?"

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. परत मूर्तीकडे वळल्या आणि कामाला लागल्या.

मी तसाच पुन्हा वर गेलो. काकांना विमलबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी कपाटातून एक टेपरेकॉर्डर आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. डब्यात नऊ कॅसेटी होत्या. प्रत्येकीवर बारीक, स्वच्छ अक्षरात नुसता आकडा, आणि डब्याच्या झाकणाला चिकटवलेल्या कागदावर वर्ष: १९८४. माझा जन्म पंच्याऐंशीचा.

"मीच तिला शिकवलं," ते म्हणाले. "मी मुंबईला, ती इथे. पंधरा दिवसांनी यायचो. दुपारी घरातलं आवरलं की ती बसायची. चार बार वाजवायची आणि चार रिकामे सोडायची. मी आलो की म्हणायची, ऐका ना, आणि मधल्या जागी तुम्ही काय वाजवाल ते सांगा. मी दमलेलो असायचो. म्हणायचो, ऐकतो नंतर."

"मग?"

"एकोणनव्वदला गेली. काविळीने. नंतर मी एकेक लावून पाहिली. रिकाम्या जागी वाजवून पाहिलं. व्यवसाय होता माझा तो, आयुष्यभर लोकांबरोबर वाजवलंय मी. पण बसायचंच नाही. मी वाजवलं की तिचा पुढचा तुकडा माझ्या अंगावरून निघून जायचा. जसं मी बोललोच नाही."

त्यांनी पहिली कॅसेट लावली आणि मला फोन काढायला सांगितला. माझं पहिलं जागा सोडलेलं रेकॉर्डिंग, फेब्रुवारीचं. तिचा पहिला तुकडा सुरू होताच त्यांनी मान हलवली, आणि मी बटण दाबलं.

ते जुळलं.

नुसतं तालात नव्हे. ती एक वाक्य अर्धवट सोडायची, माझी गिटार ते पुरं करायची. तिने वरचा सूर घेतला की मी खालून यायचो. पाचव्या मिनिटाला तिचं बोट चुकलं, एक बेसूर सूर वाजला आणि ती हसली. अगदी लहान, नाकातल्या नाकात. त्यानंतर माझ्या गिटारवर तोच बेसूर सूर मुद्दाम दोनदा वाजला, कुणी चिडवावं तसा. तो वाजवल्याचं मला आठवत होतं. त्या दिवशी मला वाटलं होतं, बोट घसरलं.

कॅसेटचा आवाज फोनवर उतरवून घेऊन मी त्या आठवड्यात ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दोन्ही तपासलं. त्या टेपरेकॉर्डरचा आतला रबरी पट्टा सैल आहे. गती हळूहळू उतरते. अकरा मिनिटांत कॅसेट सव्वा मात्रा मागे पडते. माझ्या कानात डिजिटल मेट्रोनोम होता, तो मागे पडत नाही. तरी त्या अकरा मिनिटांत मीही सव्वा मात्रा मागे पडलो होतो. पुढच्या प्रत्येक कॅसेटला घसरण वेगळी होती. माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगची घसरण तिच्याएवढीच होती.

आकडे लिहून ठेवले आहेत. त्यांचं पुढे काय करायचं ते मला कळलेलं नाही.

पुढच्या दोन रविवारी आम्ही नववी सोडून सगळ्या लावल्या. त्या आठ होत्या, आणि मार्चअखेरपर्यंतची माझी जागा सोडलेली रेकॉर्डिंगही आठच. पहिलीला पहिलं, आठवीला आठवं. काका एका खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसायचे. आठवी संपल्यावर त्यांनी ती काढून डब्यात ठेवली.

"चाळीस वर्षं मला वाटत होतं, त्या जागा तिने माझ्यासाठी सोडल्यात," ते म्हणाले. "त्याचंच वाईट वाटून घेत होतो मी. ती मला विचारतच नव्हती."

मला त्यांच्याकडे पाहवेना. मी म्हणालो, "काका, नववी राहिली."

"नववी वेगळी आहे."

"म्हणजे?"

"लाव. तूच ऐक."

मी लावली. खरखर सुरू झाली. तिचा पाय जमिनीवर ताल देत होता. तेवढंच ऐकू येत होतं. एक बार. दोन. तीन. चार.

मग तिने वाजवलं.

आठही कॅसेटींत ती आधी वाजवायची आणि मग थांबायची. इथे ती आधी थांबली होती. आणि जे वाजवलं ते उत्तर होतं. शंका घ्यायला जागाच नव्हती. दोन महिने मी तेच तर करत होतो.

मी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर दाबून धरले.

तिच्या उत्तरावरून, तिच्या आधी काय वाजलं असणार, ते मला कळत गेलं. पहिले चार बार. मग पुढचे. सूर न् सूर. माझ्या हाताची वळणं होती ती, माझ्या खोडी. पण मी त्यातलं काही अजून वाजवलेलं नव्हतं.

मी टेप बंद केली.

गिटार मी पिशवीत भरलीच नाही. भिंतीला टेकवून ठेवली.

"काका, मी आता येणार नाही. ही इथेच राहू दे."

"का?"

"मला नाही वाजवायचं."

त्यांनी नवव्या कॅसेटवर बोट ठेवलं. त्यांचा आवाज रागाचा नव्हता. एखाद्या बाईची अडचण सांगावी तसा होता.

"मग तिने वाट बघत बसायचं?"

मी जिना उतरलो. विमलबाईंच्या समोर एक मूर्ती होती, एक डोळा झालेला, दुसरा व्हायचा. त्यांनी वर पाहिलं नाही.

त्यानंतर मी पेणला गेलो नाही. काकांनी दोनदा फोन केला, मी उचलला नाही. पावसाळ्यात हेमांगीला तिच्या बाईंकडून कळलं, की काका त्यांच्या भाच्याकडे ठाण्याला राहायला गेले. खोलीला कुलूप आहे. घरात आता गिटार नाही. मी जॅझ ऐकत नाही. घरी बातम्या लावतो. अडीच-तीन महिन्यांत माझं सगळं पूर्ववत झालं, आणि या गोष्टीचा विचार न करताही अख्खे आठवडे जाऊ लागले.

हे लिहायला बसलो त्याचं कारण मागच्या मंगळवारचं आहे.

मी सकाळी सातच्या शिफ्टला होतो. साडेअकराच्या सुमाराला एक नमुना संपवून मी हातमोजे काढले. शेजारच्या टेबलावरचा ऋत्विक म्हणाला, "सर, बोटांना काय झालं? भाजलं का?"

डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांवर एकेक रेघ होती. लालसर, खोल, तारेच्या जाडीची. अशी खूण गिटार खाली ठेवली की पंधरा-वीस मिनिटांत भरून येते. सात वाजल्यापासून मी लॅबमध्येच होतो.

"काही नाही," मी म्हणालो आणि हात टेबलावर पालथा ठेवला. ऋत्विक चहाला गेल्यावर उलटा केला.

हात स्थिर होता. बोटं सुटी, सरळ. मी पाहत असतानाच मधल्या बोटाचं टोक पांढरं पडलं, तार दाबल्यावर पडतं तसं. मग तिथे रक्त परत आलं, आणि अनामिकेचं टोक पांढरं पडलं. क्रम माझ्या ओळखीचा होता: नवव्या कॅसेटचे तिने रिकामे सोडलेले पहिले चार बार.