मोभावरचं टोक

छप्पर मोजायला थोरला दीर आला तो ऊन कलायच्या सुमारास, बायकोला सोबत घेऊन. पत्रे बसवायची ठेकेदारी त्याची. आला तसा अंगणात जमिनीवरच टेप टाकायला लागला.

"वर चढा, भाऊजी," धाकटी भावजय म्हणाली. "शिडी लावलीय."

"अगं, खाली जेवढं तेवढंच वर. आता तू मला शिकवणार?"

"उताराला पत्रा जास्त लागतो. एवढं मलाही कळतं."

तिच्या नवऱ्याचा जीव ह्याच मापानं घेतला होता. एका गोदामाचं छप्पर थोरल्यानं असंच खालून मोजलं. पत्रे कमी पडले. मग एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवायची सोडून, ओढूनताणून नुसती टेकवायला लावली. धाकट्या भावाचा पाय त्याच फटीत गेला नि तो वरून खाली आला. वर ह्यानं चारचौघांत सांगितलं, प्यायला होता. जावेनं तर वास आल्याची शपथ घेतली. ज्यानं जन्मात थेंब चाखला नाही, तो मेल्यावर दारुडा झाला! शाळेत पोरी तिच्या लेकीला 'दारुड्याची' म्हणून चिडवतात. धाकटीला दुसरं काही नको होतं. ह्याच तोंडातून खरं ऐकायचं होतं.

थोरला कुरकुरत चढला. टेपचं टोक छपराच्या माथ्यावरच्या मोभाला अडकवलं, टेपच्या डबीची दोरी मनगटात घातली आणि बसून सरकत वळचणीशी आला. वारा पार पडला होता. तापलेल्या गंजाचा वास अंगणापर्यंत उतरला होता. तेवढ्यात मोभाकडचा पत्रा वाजला. टक... टक... कुणी उकिडवं बसावं तसा.

टेपला एक झटका बसला.

दोघा भावांची कामातली खूण होती ती. एक झटका म्हणजे टोक धरलंय. दोन म्हणजे हे झालं, चल पुढच्या मापाला.

"कोण... कोण आलंय वर?"

"मी तर खाली आहे, भाऊजी."

"मग टोक कुणी धरलंय?"

"बघा की. हात ओळखीचा असेल."

त्यानं डबी टाकून द्यायला पाहिलं. दोरी मनगटात रुतत चालली. पन्हळीत टाचा रोवून, सगळं अंग मागे टाकून तो ओढायला लागला.

"अगं... सोडायला सांग त्याला!"

"दारुडे ऐकतात होय कुणाचं?"

"नव्हता प्यायला! माप मी चुकवलं... पत्रे मी कमी आणले... नव्हता गं प्यायला!"

रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थबकली. धाकटीनं मोभाकडे पाहिलं. तिथं नुसतं ऊन होतं.

"ऐकलंत ना, अहो?" ती हळूच म्हणाली. "सोडा आता."

टेप सुटली. थोरला मागच्या मागे अंगणातल्या फरशीवर आदळला, तो पुन्हा हलला नाही.

फाटकाशी जाऊ लाकडासारखी उभी होती. "हे म्हणाले म्हणून... म्हणून मी बोलले गं..."

"वास तर तुम्हालाच आला होता, जाऊबाई."

धाकटीनं त्याच्या मनगटातून दोरी सोडवली, डबी हातात घेतली. पट्टी सरसर आत गेली. वीतभर उरली, आणि अडली. ते उरलेलं टोक हवेत ताठ झालं, वळलं, नि फाटकाकडे रोखून राहिलं.

मग तिच्या हातातल्या डबीला झटके बसले. दोन.