टेपवरचा खोकला

माझ्यासारखे कान शोधून सापडायचे नाहीत. ही फुशारकी नाही, माझं पोटच त्यावर चालतं. जुन्या मैफलींच्या टेपांवरची खरखर, खुर्च्यांची करकर, श्रोत्यांचं खोकणं काढून टाकायचं आणि नुसतं संगीत ठेवायचं, हे माझं काम. तेव्हा मला भास झाला असेल वगैरे म्हणू नका. तो दिवा जरा इकडे सरकवा आणि ऐका.

व्हायोलिनवाल्या बाईंवर माझा लहानपणापासून जीव. त्यांची माझ्या जन्माआधीची एक टेप साफ करायला आली, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं. शेवटच्या रचनेत मात्र, अगदी हळुवार जागी, कोणीतरी खोकत होतं. मग लाकडी काठी पडल्याचा आवाज, मग काहीतरी जड कोसळल्याचा, आणि एका बाईची किंकाळी, "बाबा!" मी ते सगळं सफाईने काढलं. मूळ टेप मात्र जपून ठेवली.

"बाबा, हा माणूस थेट तुमच्यासारखा खोकतो," ती टेप ऐकवताना मी वडिलांना म्हटलं होतं.

"माझा खोकला इतका गाजलाय होय!" ते हसले. "पण मी बाईंना समोर बसून कधी ऐकलंच नाही, पोरी."

मीही नव्हतं ऐकलं. म्हणून बाईंचा कार्यक्रम जाहीर होताच आम्ही दोघांनी जायचं ठरवलं.

दुपारची वेळ होती. सभागृह जुनं. दारं लागली आणि बाहेरचं ऊन पुसल्यासारखं झालं. छताला मोठाले दिवे टांगलेले, त्यांतला एक नेमका आमच्या डोक्यावर. त्याच्यावरच्या तापलेल्या धुळीचा वास नाकात बसत होता. बाई आल्या. एवढ्याशा, पाठीत वाकलेल्या. त्या रंगमंचावर चकार शब्द बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक. पहिला सूर निघाला आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. जन्मभर ज्यांना फक्त कानांनी ओळखलं, त्या समोर श्वास घेताना दिसत होत्या. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

शेवटची रचना तीच निघाली. पुढचा प्रत्येक सूर मला पाठ. ती हळुवार जागा आली आणि बाबा खोकले.

दोनदा छोटं, एकदा लांबलेलं... तोच खोकला. तो मी स्वतःच्या हातांनी टेपवरून पुसला होता. ती किंकाळी कोणाची, तेही आत्ता कळलं. एवढे तयार कान, आणि स्वतःचाच आवाज ओळखता आला नव्हता!

बाबांच्या गुडघ्याला टेकलेली काठी घसरू लागली. मी ती वरच्यावर धरली.

"उठा..."

"अगं, आत्ता कुठे रंगात..."

"बाबा, उठा."

माझा चेहरा पाहून ते मुकाट उठले. लोकांच्या शिव्या खात आम्ही दारापर्यंत पोचलो. बाहेर पाऊल टाकतोय तोच मागे काहीतरी जड कोसळलं. लोक ओरडले. व्हायोलिन मात्र थांबलं नाही.

दारवान आत डोकावून धावत आला. "तुमच्याच खुर्च्यांवर पडला हो दिवा! नशीब बलवत्तर!"

घरी येताच मी मूळ टेप लावली. खोकला होता. काठीचा आवाज नव्हता. कोसळल्याचा होता. किंकाळी नव्हती. मी चक्क हसले. जिंकलेच होते मी!

तेवढ्यात टेपवर एका म्हाताऱ्या बाईचा कोरडा आवाज आला. अगदी जवळून.

"उठून गेलात?... रचना अजून संपलेली नाही."

तेव्हापासून काठी माझ्याकडे असते. बाबा कुरकुरतात आणि माझा दंड धरून चालतात. कुरकुरू देत. काठी पडली नाही, तर पुढचं काही होणार नाही. मी असेपर्यंत ती पडायची नाही, हे मी तुम्हाला ठणकावून सांगते. ही बघा, माझ्या मांडीवरच आहे.

ती टेप मी रोज ऐकते. कालपर्यंत त्या वाक्यानंतर सगळं शांत असायचं.

आज तिथे काठी पडल्याचा आवाज आहे.